एका हातची दोन जर्नलं

मावशीच्या घरात सगळे ओरडून बोलत. काका जन्मभर बोटीवर, इंजिनखोलीत नोकरी करून आलेले; तिथल्या धडधडीने त्यांचे कान गेले होते. "भात वाढू काय?" हेसुद्धा मावशी इतक्या जोरात विचारी की एकदा कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या शेजारणीने "वाढ गो, भूक लागली असेल त्यांना" असं तिकडूनच उत्तर दिलं होतं. मी लांज्याकडच्या आमच्या खेड्यातून कॉलेजसाठी रत्नागिरीला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटे की या घरात सतत भांडणं चालतात. महिन्याभरात मीही तशीच ओरडायला लागले. हळू बोलायची ती एकटी निमा. निमा म्हणजे मावशीची मुलगी, माझ्याच वयाची आणि माझ्याच वर्गात. ती काही सांगायला लागली की काका कानामागे हात धरत, थोडा वेळ तिच्या ओठांकडे बघत आणि मग हसून मान हलवत. त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. ती पुन्हा सांगत नसे.

घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे सारवलेलं अंगण, म्हणजे आमच्याकडचं खळं, मागे विहीर, आणि विहिरीला लागून एक लांबट अंधारी खोली. उन्हाळ्यात तिथे आंबे पिकवायला पेंढ्यात आढी घालत; एरवी पेंढा, दोर, जुनी भांडी असं काहीबाही पडलेलं असे. सकाळी मला जाग यायची ती रहाटाच्या आवाजाने. त्याचं लाकूड झिजलं होतं. कळशी खाली जाताना ते कुरकुरे आणि वर येताना रडल्यासारखं करी. मग पाट्यावर खोबऱ्याचं वाटण, मग काकांचा रेडिओ, तोही सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. न्याहारीला उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात आणि काका बंदरावरून आणतील ते. नोकरी सुटली तरी त्यांना बोटींशिवाय करमत नसे, म्हणून रोज बंदरावर एक फेरी ठरलेली. बहुतेक वेळा ते मुशी आणत, कारण ती निमाला आवडे. मुशी हा शार्कच्या जातीचा लहान मासा. मावशी तो उकडून, कातडं सोलून, बोटांनी कुस्करून कांदा-खोबऱ्यात परतायची. त्याचा वास विहिरीपर्यंत यायचा.

दुसऱ्या वर्षाला तीच मुशी आमच्यापुढे कॉलेजात आली. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी पालथी रोवलेली, फॉर्मॅलिनच्या वासाची. तिचं डोकं कापायचं, कवटीची कूर्चा ब्लेडने पापुद्र्या-पापुद्र्याने तासायची आणि आतला मेंदू, त्यातून निघणाऱ्या नसांच्या जोड्या एकही न तोडता मोकळ्या करायच्या. मग ते सगळं जर्नलमध्ये काढायचं, पेन्सिलीने, छाया द्यायची ती ठिपक्यांनी. लिमये सरांना रेघांची छाया चालत नसे. "निसर्गात रेघ नसते," असं ते म्हणत. हे झालं प्राणिशास्त्र. वनस्पतिशास्त्राला पन्नास झाडं वाळवून चिकटवायची होती. ती आम्ही वर्तमानपत्रांत घालून मावशीच्या पाट्याखाली दाबून ठेवत असू आणि वाटण करायचं झालं की मावशी आमच्या नावाने शंख करी. रसायनशास्त्राच्या ट्युटोरियलची वही वेगळी. सगळ्याला शेवटची तारीख, सगळ्यावर सही. आणि सही नसेल तर परीक्षेला बसायचं नाही.

मी मराठी शाळेतून आलेली. पुस्तकं इंग्रजीतली. एक पान वाचायला मला दुपार लागे, आणि वाचून झालं की पानाच्या सुरुवातीला काय होतं ते आठवत नसे. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबा मुंबईला एका गोदामात नोकरीला होते, त्यांना मी दर पंधरवड्याला पत्र टाकी: अभ्यास उत्तम चालला आहे. माझ्या भाचीची मुलगी हल्ली मोबाइलवरून असाइनमेंट पाठवते आणि "आजी, मला खूप स्ट्रेस आहे गं," असं सरळ सांगते. मला तिचा हेवा वाटतो. आमच्याकडे ताण द्यायचा तो कपडे वाळत घालायच्या दोरीला. माणसाला तो येतो हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो आला आहे असं म्हणताही येत नसे.

पहिली वेळ मला नीट आठवते. गांडुळाच्या मज्जासंस्थेचं चित्र माझ्याकडून तीनदा बिघडलं होतं आणि मी पडवीत बसून रडत होते. निमाचं चित्र केव्हाच पुरं झालं होतं, छापल्यासारखं.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी करते."

"आणि सरांना कळलं तर?"

"नाय कळत. तू नावं घाल. अक्षर तुझंच दिसू दे."

अर्ध्या तासात तिने ते काढून दिलं. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की मी मावशीला न सांगता सगळं पाणी भरून टाकलं. पुढच्या आठवड्यात बेडकाचं चित्र मी तिच्याकडे मागून घेतलं नाही. नुसती वही तिच्या वहीवर ठेवली. त्यानंतर विचारण्याची गरजच उरली नाही. दिवाळीनंतर माझी चित्रं, माझी वाळवलेली झाडं, माझी ट्युटोरियलं, सगळं तिच्या अंगावर गेलं. मी तिच्यासमोर शेंगदाणे खात बसे आणि ती सांगेल ती नावं लिही. माझा ताण मी असा घालवला. घालवला म्हणजे कुठे गेला, याचा विचार मी केला नाही.

निमाचं एकेक बदलत होतं ते मी बघत होते. बघत नव्हते असं म्हणायची सोय मला नाही. ती पेन्सिलीला ब्लेडने सुईसारखं टोक काढी आणि एक ठिपका मोठा पडला की सबंध पान फाडी. आधी असं आठवड्यातून एकदा होई, मग रोज. मुशीच्या मेंदूचं चित्र तिने सहा वेळा काढलं, स्वतःचं. आणि ते जमल्यावर माझ्यासाठी पुन्हा. ठिपके देताना तिचे ओठ हलत. मी एकदा कान देऊन ऐकलं तर ती मोजत होती. मुशी खाणं तिने बंद केलं. वास येतो म्हणाली. मग सगळे मासे बंद, मग भात दोन घास. सकाळी रहाट वाजण्याआधीच ती पडवीत बसलेली असे, गुडघ्यावर पाट, पाटावर वही. फणीत केसांचा पुंजका येई, तो ती मुठीत दाबून मागे टाकून येई. मावशी म्हणे, "विहिरीचं पाणी जड झालंय या वर्षी," आणि तिच्या डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापी. काका बंदरावरून आणखी चांगली मुशी आणत. ती ताटात तशीच राहिली की मावशीकडे बघून ओरडत, "हिला काय झालंय?" मावशी ओरडे, "अभ्यास!" काकांना हा शब्द बरोबर ऐकू येई. ते मान हलवत, जरा अभिमानानेच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी मागे हात धुवायला गेले तर ती विहिरीच्या कठड्यावर कोपरं टेकून वाकलेली. पाणी खूप खाली गेलं होतं. तळाशी एक गोल काळा तुकडा, त्यात तिचं डोकं.

"काय बघतंस गो?"

"काय नाय." मान तिने वर केली नाही. मग म्हणाली, "खाली गार असेल ना?"

"असणारच. विहीर ती." आणि मग मी विचारलं, "विहिरीत बघत बसायला वेळ नाय हां. माझं शेवटचं चित्र उद्या होईल ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि "हो" म्हणाली. झालंही ते, उद्यापर्यंत.

मार्चच्या सुरुवातीला जर्नलं तपासून सही घ्यायचा शेवटचा दिवस आला. प्रयोगशाळेत लांब रांग होती. लिमये सर तसे वाईट नव्हते. कडक होते, चित्रात चूक असेल तर पोराला बोलत, पण त्यांनी कुणाचं वर्ष फुकट घालवल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी माझं जर्नल चाळलं, मग निमाचं, मग थांबले. दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी ठेवून मुशीच्या मेंदूचं पान उघडलं. चष्मा वर सारून डोळे जवळ नेले.

"हे ठिपके एका हातचे आहेत," ते म्हणाले.

निमा खाली बघत होती.

"सर, आम्ही एकत्र बसून काढतो," मी म्हटलं. "बहिणी आहोत. म्हणून सारखं दिसतं."

"असं?" त्यांनी दोन कोरे कागद पुढे सारले. "मग इथेच काढा. मुशीचा मेंदू. छाया नको, नुसता आकार. दहा मिनिटं."

ते चित्र निमाने सात वेळा काढताना मी समोर बसून पाहिलं होतं. माझा हात चांगला नव्हता, पण डोळ्यांना आकार पाठ होता. मी काढलं. वाकडं-तिकडं, पण मुशीचा मेंदू म्हणून ओळखू येईल असं. निमाने पेन्सिल कागदाला टेकवली आणि तिचा हात कापायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. तिने दुसऱ्या हाताने तो धरला. पेन्सिलीचं टोक मोडलं. दहा मिनिटांनी तिच्या कागदावर एक बारीक थरथरलेली रेघ आणि एक भोक होतं.

सरांनी दोन्ही कागद पाहिले. "निर्मला," ते म्हणाले, "स्वतः काढलं असतंस तर निदान एक बाजू तरी आली असती. बहिणीकडून वर्षभर काढून घेतलंस. लाज वाटायला हवी. वर्षाचं सगळं जर्नल पुन्हा, स्वतःच्या हाताने, आठ दिवसांत. नाहीतर परीक्षा नाही." आणि माझ्या जर्नलवर त्यांनी सही केली. "तूही चूक केलीस. असली मदत करू नये."

निमाने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. ती वाट बघत होती. रांगेतल्या मुली ऐकत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या सहीकडे बघत राहिले. शाई अजून ओली होती.

"हो सर," निमा म्हणाली. इतकं हळू, की सरांनी "काय?" विचारलं.

बाहेर आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. तिच्यासमोर उभं राहणं मला शक्य नव्हतं. वर्गातल्या मुली कँटीनला चालल्या होत्या, मी त्यांच्याबरोबर निघाले आणि जाताना माझं जर्नलही तिच्या हातात दिलं. "घरी ने, मी येते मागनं." तिने ते घेतलं. दोन्ही जर्नलं छातीशी धरून ती फाटकाबाहेर गेली. उन्हात तिची सावली पायाखाली होती. मी कँटीनमध्ये बटाटेवडा खाल्ला. तो चांगला लागला हेही मी इथे लिहून ठेवते.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले असतील. खळ्यात कुणी नव्हतं. काका पडवीत झोपले होते, मावशी माजघरात पडली होती. निमाच्या चपला मागच्या दाराशी होत्या. मी पाय धुवायला विहिरीवर गेले आणि कळशी सोडण्याआधी सवयीने खाली डोकावले. तळाशी दोन चौकोन तरंगत होते. जर्नलांना निमाने स्वतःच प्लॅस्टिकची कव्हरं घातली होती, ती चमकत होती.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मी पुढची अनेक वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझ्या मनात माझी सही आली. सरांची सही असलेलं माझं जर्नल पाण्यात. त्यानंतर, श्वास आत घेऊन बाहेर टाकायला लागतो तेवढ्या वेळाने, निमा आली.

मी ओरडले. मावशी धावत आली, खाली बघितलं आणि कठडा धरून मटकन बसली. तिच्या तोंडातून आवाज फुटेना. त्या घरात पहिल्यांदाच मी तिला बिनआवाजाची पाहिली. काकांना मी हलवून उठवलं आणि हात धरून ओढत आणलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. रहाटाचा दोर त्यांनी विहिरीशेजारच्या झाडाला दोन वेढे देऊन बांधला, कमरेला गाठ मारली आणि चिऱ्यांच्या खाचांत पाय रोवत ते खाली उतरले. साठीला टेकलेला माणूस. खाली पाणी छातीपेक्षा जास्त होतं. त्यांनी बुडी मारली, वर आले, "निमे!" म्हणून हाक मारली. ती हाक विहिरीत घुमून वर आली आणि पुन्हा खाली गेली. त्यांनी पुन्हा बुडी मारली.

"गळ आण," मावशी कशीबशी म्हणाली. "आढीच्या खोलीत."

विहिरीत पडलेली कळशी काढायचा लोखंडी गळ त्या खोलीच्या भिंतीला टांगलेला असे. मी दार ढकललं. आत अंधार, पेंढ्याची ऊब, कच्च्या आंब्यांचा आंबट वास. त्या वर्षीचे पहिलेच आंबे उतरवले होते. गळाकडे हात नेताना माझा पाय मऊ काहीतरी लागून अडखळला. पेंढ्यात निमा पडली होती. कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंडावर केस. मला वाटलं, संपलं. मी खाली बसले आणि तिच्या मानेला हात लावला. ऊन होती. ती घोरत होती, बारीक.

"मावशी! हय आहे! निमा हय आहे!"

मावशी आली, तिने पोरीला पेंढ्यातून ओढून छातीशी धरलं, आणि मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं की काका खालीच आहेत. आम्ही कठड्यावरून ओरडलो. "सापडली! वर या! सापडली!" त्यांना ऐकू येईना. ते वर येत, दम घेत, तिचं नाव घेत आणि पुन्हा पाण्याखाली जात. वर बघतच नव्हते. मी दोर हलवला. त्यांना वाटलं असावं, तो कुठे अडकला, त्यांनी नुसताच झटका दिला. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. आणखी दोनदा ते तसेच खाली गेले. शेवटी मावशीने निमाला खांद्याला धरून कठड्यापर्यंत आणलं आणि पुढे वाकवून उभं केलं. तिला अजून पुरती जाग नव्हती. खाली पाण्यात तिची सावली पडली असणार, कारण काका एकदम थांबले. त्यांनी मान वर केली. वरच्या उजेडात तिचं डोकं त्यांना दिसलं. ते पाण्यात तसेच उभे राहिले, एक हात चिऱ्यावर, आणि तोंड उघडं. मग ते रडायला लागले. आणि त्यांचं रडणंही, त्यांच्या सगळ्या बोलण्यासारखं, फार मोठं होतं.

त्या संध्याकाळी मी मावशीला सगळं सांगितलं. तिने मला मारलं नाही, शिवी दिली नाही. चुलीपुढे बसून ती म्हणाली, "उद्या हेच सरांना जाऊन सांग." एवढंच. दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलापुढे उभी राहून मी सांगितलं. कोणती चित्रं माझी, असं त्यांनी विचारलं. "एकही नाही," मी म्हटलं. ते खुर्चीत मागे टेकले. "तिचा हात कापताना मी बघत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, चोरी पकडली म्हणून कापतोय."

ते स्कूटरवरून आमच्या घरी आले. काकांनी त्यांना खळ्यात खुर्ची दिली. सर बसले नाहीत. "तुमच्या मुलीवर मी खोटा आळ घेतला," ते म्हणाले. काकांनी कानामागे हात धरला. सरांनी मोठ्याने पुन्हा सांगितलं. काकांना तरी कळेना. तिसऱ्यांदा सर ओरडले, "माझी चूक झाली! तिचा काही दोष नव्हता!" गडग्यापलीकडे माणसं येऊन उभी राहिली. काकांनी कानामागचा हात खाली घेतला. "मला नका सांगू," ते म्हणाले. "तिला सांगा." मग सरांनी घराच्या दाराकडे तोंड करून तेच, नेहमीच्या आवाजात सांगितलं. आतून निमा म्हणाली, "बरं सर."

दोघींचंही वर्ष गेलं; निमा परीक्षेला बसण्याच्या अवस्थेत नव्हती. माझं जायलाच हवं होतं. बाबांना मी खरं पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं, की तब्येतीला जप आणि मावशीला त्रास देऊ नको. पुढचे काही आठवडे त्या घरात मोठा आवाज झाला नाही. मावशीने विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या आणि पाणी शेजारच्यांकडून आणायला लागली. रहाट थांबल्यावर सकाळी जाग येई ती शांततेने, आणि जाग आली की मी आधी निमाचं अंथरूण बघे. मावशीही येऊन बघून जाई. आम्ही एकमेकींकडे न बघता परत फिरत असू. निमाला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं तेव्हा मावशी घाबरली. आमच्या शहरात वेड्यांचं इस्पितळ. "डोक्याचा डॉक्टर" म्हटलं की लोक सरळ त्या फाटकाकडे बोट दाखवत. काकांनी तिला गप्प केलं. "इंजिन तापलं तर मेकॅनिकला बोलावतात," ते ओरडले, "शेजारच्या बोटीला काय वाटेल ते विचारत बसत नाहीत!" डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, झोप दिली आणि आम्ही निघताना म्हणाल्या, तिच्या हातातलं काम सगळं काढून घेऊ नका. थोडं राहू द्या, पण थोडंच.

ते थोडं किती, हे काकांनी ठरवलं. जूनमध्ये आम्ही पुन्हा त्याच वर्गात बसायला लागलो तेव्हा त्यांनी बोटीवरच्यासारख्या पाळ्या लावल्या. पाळी चार तासांची. ती संपली की ते पितळी ताट वाजवत आणि आम्ही हातातली पेन्सिल खाली ठेवायची, नस अर्धी राहिली तरी. मग जेवायचं, नाहीतर त्यांच्याबरोबर बंदरावर चालायचं. आणि पान फाडायचं नाही. "लॉगबुकातलं पान फाडलं तर नोकरी जाते!" ते सांगत. "चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला सही करायची, पुढे लिहायचं!" निमाचं त्या वर्षीचं जर्नल असल्या रेघांनी भरलं. प्रत्येक रेघेशी तिची बारीक सही, 'नि'. लिमये सरांनी ती सगळी पानं पाहिली आणि सही केली. माझं जर्नल माझं होतं. भयंकर होतं. पण त्यातली मुशी मुशीसारखी दिसत होती, आणि ती काढताना रडून झाल्यावरही मीच पुरी केली होती.

निमा लग्न होऊन पोफळी गावाला गेली. नवरा तिथल्या वीजकेंद्रात होता. पुढे ती तिथेच शाळेत शिकवायला लागली, आता निवृत्त आहे. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मावशी-काका गेले, तेव्हाही नाही. मागच्या वर्षी मी तिच्याकडे राहायला गेले होते. दोघी पायरीवर बसून वाल सोलत होतो. का कोण जाणे, पण मी विचारलं, "निमे, तू त्या दिवशी... खरंच उडी मारणार होतीस?"

तिने सोललेले वाल ताटात टाकले. "आधी वह्या टाकल्या," ती म्हणाली, त्याच तिच्या हळू आवाजात, त्यामुळे मला पुढे वाकावं लागलं. "त्या बुडल्या की मग, असं ठरवलं होतं. त्या बुडेचनात. किती वेळ उभी होते. पाय दुखायला लागले, म्हणून आत जाऊन पडले."

माझ्या हातातला वाल मी सोलून ताटात टाकला. मग मनात होतं ते सांगून टाकलं. विहिरीत बघितल्यावर मला आधी ती नाही, माझी सही आठवली होती, हे.

"माहीत आहे मला," निमा म्हणाली. "मी जागी होते तेव्हा. तू ओरडलीस ना, 'माझी वही, माझी वही!' म्हणून."

मला ते आठवत नव्हतं. मी ओरडले एवढंच आठवत होतं. आयुष्यभर मला वाटत होतं की ते नुसतं मनात आलं होतं.

"ते ऐकलं आणि मला झोप लागली," ती म्हणाली. "इतके दिवस येत नव्हती, ती लागली. म्हटलं, आता तुझी वही तुझी तू बघशील."

ती उठली, ताट उचललं आणि आत गेली. मी सालं गोळा करत बसले.